व्याह्यांच्या पाठीवरची बडगी

सातपुड्याच्या चढावर आमच्या व्याह्यांना जो दम लागला, तो माझा होता.

हे एवढं वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. म्हणजे सुचलं होतं दुसऱ्याच दिवशी, डोंगर उतरताना. पण बोलायचं म्हटलं की कधी चहा यायचा, कधी पाहुणे यायचे, आणि काहीच आलं नाही तर मला खोकला यायचा. आमच्या घरात आजही कुणी डोंगराचं नाव काढलं की ती गोष्ट निघतेच. "आबांना कसा दम लागला होता, आठवतं? आणि आपले नाना हरणासारखे पुढे!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी माझ्या ताटातल्या भाकरीकडे बघतो. आता वय झालं. हरीण म्हणवून घेत मरणं बरं दिसत नाही, म्हणून लिहितो आहे.

तर आबा म्हणजे माझे व्याही, आमच्या सूनबाईचे, वैशालीचे वडील. दोंडाईच्याजवळ त्यांचं शेत आणि शेतातच घर. विहीणबाई गेल्यापासून तिथे ते एकटेच राहायचे. अंगाने काटक, बोलणं पक्कं अहिराणी, आणि चालण्याचा भयंकर अभिमान! दोंडाईच्याचा बाजार पायी जाऊन पायी यायचे. वाटेत कुणी मोटारसायकल थांबवून "बसा आबा" म्हटलं, की हे म्हणणार, "तुन्ही गाडी पंक्चर व्हयनी तं माले ढकलनी पडी," आणि पुढे चालू लागणार. मी जळगावचा. आयुष्य पाटबंधारे खात्यात टेबलामागे गेलेलं. माझं चालणं म्हणजे टेबलापासून साहेबांच्या केबिनपर्यंत, आणि तेही बोलावणं आलं तर.

त्या वर्षी आबांना शेतात भोवळ आली. ते बांधावर बसले, पाणी प्यायले, उठले आणि कामाला लागले. विषय संपला होता. पण ही बातमी पुतण्याने भावजयीला, भावजयीने मावशीला आणि मावशीने वैशालीला सांगेपर्यंत आबा विहिरीच्या कठड्यावर अर्धे आत, अर्धे बाहेर लोंबकळत होते! वैशालीने रडून घर डोक्यावर घेतलं. शेत बटाईने द्या आणि जळगावला आमच्याजवळ येऊन राहा, असा तिने धोशा लावला.

"मी काय म्हैस शे का?" आबा फोनवर ओरडले. (पलीकडे ऐकू जात नाही, असं समजून ते नेहमी ओरडतच बोलतात.) "आठला खुंटा सोडीसन तठला गोठामा बांधाले?"

नेमका त्याच सुमारास माझ्या मुलाला, नितीनला, बॅकपॅकिंगचं वेड लागलं. मोबाइलवर बघून बघून लागलं. बॅकपॅकिंग म्हणजे काय, तर आपलं अंथरूण, पांघरूण, तंबू, खाणं सगळं पाठीवर घ्यायचं, जंगलात चालत जायचं, तिथे झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी तसंच परत यायचं. पूर्वी याला वनवास म्हणायचे आणि तो कुणीतरी दुसऱ्याने पाठवल्यावरच लोक जायचे. आता लोक रजा काढून जातात. नितीनने वनखात्याची परवानगी काढली. रावेरच्या वर, सातपुड्यात, पायथ्याच्या पाड्यापासून वरच्या पाड्यापर्यंत चालायचं आणि तिथे शेताच्या कडेला मुक्काम करायचा, असं ठरलं.

आबांना हे कळलं आणि ते दुसऱ्याच दिवशी जळगावात हजर!

"मी बी येस. वर बठ्ठासना पहिले पोचनू तं मन्हा शेतनं नाव काढानं नही. कबूल?" (बठ्ठा म्हणजे सगळे.)

"आणि दम लागला तर?" वैशालीने विचारलं.

"तं तू म्हनशी तठे येसू. दावं लईसन ये."

बापलेकीत असा करार झाला. साक्षीदार म्हणून आम्ही सगळे होतो. म्हणजे आम्ही हौसेला निघालो होतो आणि आबा निघाले होते आपलं शेत वाचवायला. हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. (हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. पुढे मी "मला कल्पना नव्हती" असं म्हणायला लागलो, तर वाचणाऱ्याने हे वाक्य माझ्या तोंडावर मारावं.)

बॅगा शिवल्या आमच्या शेजारच्या सलीमभाईंनी. त्यांचं ताडपत्रीचं दुकान. केळीच्या ट्रकांना ताडपत्र्या शिवून देण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी सगळ्यांना एकाच हिरव्या ताडपत्रीच्या बॅगा शिवल्या आणि स्वतःसाठीही एक शिवून म्हणाले, "नाना, मीही येतो. माझी शिलाई डोंगरावर कशी चालते ते बघायचंय. या पट्ट्याला बैल बांधा, बैल तुटेल, पट्टा नाही!" आम्ही त्या बॅगा घालून गल्लीत उभे राहिलो, तर समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "कासवांची वरात कुठं निघाली?"

नितीनने एकच नियम केला होता. आपलं ओझं आपण वाहायचं. कुणी कुणावर टाकायचं नाही. बॅगांचं वजन करायला त्याने रद्दीवाल्याचा ताणकाटा आणला होता.

आता वांग्याच्या भरताकडे वळावं लागेल, कारण सगळं पाप तिथून सुरू झालं.

नितीन-वैशालीच्या लग्नात आम्ही हौसेने भरीत-पुरीचा बेत केला होता. जळगावात हिवाळ्यातलं लग्न आणि पंगतीत भरीत नाही, हे कसं चालेल? आबांनी पहिला घास घेतला, शांतपणे चावला आणि भर पंगतीत म्हणाले, "मिक्सरमा फिरायेल दिसस." मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला हे म्हणावं! माझे सगळे नातेवाईक पानावर थबकले. (भरीत खरंच मिक्सरमध्ये फिरवलेलं होतं. आचाऱ्याला घाई होती. तेच तर जास्त लागलं.) तेव्हापासून माझ्या मनात होतं, एक दिवस या माणसाला बडगीतलं भरीत खाऊ घालून गप्प करायचं.

बडगी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीसारखं कोरलेलं, जाड बुडाचं लाकडी भांडं असतं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, आणि बडगीत घालून लाकडी मुसळीने ठेचायची. त्याला भरीत म्हणतात. बाकी सगळं वांग्याची भाजी. आमच्या घरची बडगी सागवानी. दिसायला लहान, पण उचलायला गेलं की वाटतं खाली कुणीतरी धरून बसलंय.

मी नितीनला म्हटलं, "वर भरीत करू. वांगी घेऊ, काड्या घेऊ आणि बडगी घेऊ."

"वांगी घ्या, काड्यांची मोळी घ्या. बडगी नाही."

"अरे, मग ठेचायचं कशात?"

"पातेल्यात. ग्लासाच्या बुडाने."

ग्लासाच्या बुडाने! जळगावच्या माणसाच्या पोटी जन्मलेला मुलगा हे बोलला! बॅगांचं वजन झालं, माझी बॅग पास झाली, सगळे जेवायला बसले. तेवढ्यात मी बडगी आणि मुसळी माझ्या किरमिजी मफलरीत गुंडाळली आणि बॅगेत तळाशी घातली. आजन्म सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे तपासणी झाल्यानंतर काय करायचं असतं, ते मला शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी रावेरच्या पुढे केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर चुकवत आमची जीप पायथ्याच्या पाड्यावर पोचली. नितीन, वैशाली, मी, आबा आणि सलीमभाई. आमच्या हिने "मी घर सांभाळते" असं म्हणून शहाणपणा दाखवला होता. पाड्यावरच्या एका बाईने आम्हाला कोरा चहा दिला आणि आमच्या पाठींकडे बघून विचारलं, "वर राहायला चाललात का कायमचे?"

"नाही हो, उद्या परत."

"मग एवढं कशाला नेता?" तिने विचारलं. आम्ही चहाचे कप परत केले आणि बॅगांचे पट्टे आवळले.

चढ सुरू झाला. आबा सगळ्यांत पुढे, हात मागे बांधून, जणू काही स्वतःच्या बांधावरून पाणी बघायला निघालेत. मागे वळून मला म्हणाले, "नाना, वर जाईसन चहा ठेवस. तुम्ही येतस तवर थंड व्हई जाई!" आणि हसले.

माझी स्थिती वेगळी होती. पहिल्या चढालाच बडगीने माझ्या माकडहाडाशी बोलणं सुरू केलं. दुसऱ्या वळणावर मला माझे दिवंगत वडील दिसू लागले. ते "ये" असं म्हणत नव्हते, "हे काय घेऊन आलास?" असं विचारत होते. मी मनाशी ठरवलं, बडगी झाडामागे टाकून द्यावी. पण सागवानी बडगी टाकून घरी गेलो असतो, तर हिने मलाच झाडामागे टाकलं असतं.

एका ओढ्याशी सगळे थांबले. नितीन आणि वैशाली फोटो काढायला गेले. सलीमभाई पाण्यात पाय घालून बसले. आबा तोंड धुवायला खाली उतरले. त्यांची हिरवी बॅग माझ्या हिरव्या बॅगेला टेकून ठेवलेली होती.

आता माझ्या हातून जे झालं, ते मी सरळ लिहितो. पाटबंधारे खात्यात अवघड फाइल आली, की आम्ही ती शेजारच्या टेबलावर सरकवायचो. कायमची नव्हे, फक्त उसंत मिळेपर्यंत. तसंच मी आबांची बॅग उघडली, वरची गोधडी उचलली, मफलरीसकट बडगी खाली घातली आणि गोधडी नीट पसरून ठेवली. फक्त पुढच्या वळणापर्यंत! आबा काय, चालणारा माणूस; त्यांना कळणारसुद्धा नाही. आणि शेवटी भरीत त्यांच्यासाठीच होतं ना? (माणूस पाप करताना किती मुद्देसूद विचार करतो, याचं मला अजून नवल वाटतं.)

आबा आले. बॅग उचलायला वाकले आणि क्षणभर तसेच वाकलेले राहिले. बॅगेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी बॅग पाठीवर घेतली आणि चालू लागले.

आणि मी? मी उडत होतो! पाखरासारखा! ओढ्यापासून वर माझे पाय जमिनीला लागलेले मला आठवत नाहीत. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मागे बघतो तर आबांचे हात आता मागे बांधलेले नव्हते, गुडघ्यांवर होते. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो.

"आबा, द्या तुमची बॅग इकडे. मी घेतो."

"आरे वा!" आबा धापा टाकत म्हणाले, "याही मन्हं ओझं वाही? लोक काय म्हनतीन?" (याही म्हणजे व्याही.)

"लोक कुठे आहेत इथे? माकडं आहेत."

"माकडंबी हसतीन."

"नुसती त्या झाडापर्यंत द्या."

"नाना, मी आंडेरना बाप शे," आबा म्हणाले. (आंडेर म्हणजे मुलगी.) "मुलाना बापनी मन्हं ओझं उचलं, हाई कोठे व्हयेल शे का?"

"फार जड होतंय का हो?"

आबांनी कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे अगदी सरळ बघितलं. "नही हो. हलकीच शे. आंडेरना बापले काही जड नही ऱ्हास."

मी त्यांच्या हातातून बॅग ओढू लागलो, ते सोडेनात. "द्या हो!" "ऱ्हाऊ द्या!" "माझी शपथ!" "तुमनीच शपथ!" अशी आमची झोंबाझोंबी चालली असताना टर्र आवाज झाला आणि बॅगेचा एक पट्टा उसवला.

सलीमभाई धावत आले. पट्टा हातात घेऊन ते एखाद्या वैद्यासारखे बघत राहिले. "मेरी सिलाई ऐसी नहीं जाती," ते स्वतःशीच म्हणाले. "आबा, यात आहे तरी काय?"

"कपडा," आबा म्हणाले.

"कपड्याने पट्टा जात नाही!"

"जाडा कपडा शेतस."

सलीमभाईंचा चेहरा असा पडला, की जणू त्यांच्यासमोर साक्षात बैल सुटून गेला होता. पुढे किती तरी दिवस गल्लीत पोरं त्यांना "चाचा, बैल मिळाला का?" असं विचारत होती. म्हणजे माझी माफी एका माणसाची नव्हे, दोघांची बाकी आहे.

नितीन म्हणाला, "आबा, मी घेतो बॅग."

आबांनी दोन्ही हात कानाला लावले. "जावईना खांदावर ओझं दिऊ? नरकमा बी जागा नही भेटाव माले."

"मग मी घेते," वैशाली म्हणाली.

"तू त्यासनी. दुसरानी लक्ष्मीले मी हमाल करू?"

झालं! व्याह्याने घ्यायची नाही, जावयाने घ्यायची नाही, मुलगी दुसऱ्याची, आणि सलीमभाई पाहुणे. आपल्याकडच्या रीतींनी मिळून आबांच्या पाठीवर ती बॅग अशी काही घट्ट बांधली होती, की सलीमभाईंची शिलाई तिच्यापुढे काहीच नव्हती. आबांनी उसवलेल्या पट्ट्याला गाठ मारली आणि एका खांद्यावर बॅग घेऊन, तिरके तिरके, पुन्हा चढू लागले.

मला त्याच वेळी तोंड उघडता आलं असतं. "त्यात माझी बडगी आहे" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मुलासमोर, सुनेसमोर, सलीमभाईंसमोर म्हणायचं कसं? मी ठरवलं, वर पोचल्यावर सांगू. आणि लवकर सांगता यावं म्हणून मी लवकर वर गेलो. त्याचा परिणाम असा झाला, की मी पहिला आलो.

"नाना!" नितीन मागून येऊन ओरडला. "कमाल केलीत! या वयात!"

"सवय लागते," मी म्हणालो. (कसली? ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.)

वैशाली मात्र वाटेकडे तोंड करून उभी होती. सलीमभाई आले. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. मग झाडांतून आधी आबांची धाप आली आणि मग आबा आले. लालबुंद, घामाने चिंब. एका दगडावर ते बॅगेसकट बसले, म्हणजे बॅगेनेच त्यांना बसवलं. बराच वेळ त्यांना बोलता येईना. वैशालीने त्यांचा हात धरला आणि ती रडायला लागली.

"बघितलंत? बघितलंत ना आबा? आता नाही मी तुम्हाला तिथे एकटं ठेवायची."

एक बॅग उघडायचा अवकाश होता. बॅग उघडून ते लाकूड तिच्यापुढे ठेवलं असतं, तर शेत वाचलं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं. बोल दिधेल शे. येसू."

आणि मी काय करत होतो? चुलीसाठी दगड गोळा करत होतो. फार मन लावून!

ऊन कलल्यावर वांगी भाजली. कपाशीच्या काड्यांचा तो वास, वर सातपुड्याची हवा, सगळं जमून आलं होतं. फक्त बडगी काढायची कशी? ती आबांच्या बॅगेत, आबा बॅगेला टेकून! शेवटी नितीनने पातेल्यात, ग्लासाच्या बुडाने वांगी ठेचली. ग्लास घसरत होता, वांगी पळत होती, आणि जे तयार झालं ते पानात वाढल्यावर पानाबाहेर जाऊ बघत होतं. आबांनी एक घास घेतला, शांतपणे चावला.

"भरीत चांगलं शे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "फक्त बडगी पाहिजे व्हती."

मला असा ठसका लागला, की सलीमभाईंनी पाठीत गुद्दे घालून मला वाचवलं.

मी मनाशी म्हटलं, आबा झोपले की हळूच काढून घेऊ. तर आबा त्या बॅगेचीच उशी करून झोपले! सकाळी त्यांच्या गालावर बडगीच्या काठाचा वळ उठला होता. वैशाली म्हणाली, "अगंबाई, आबांना सूज आली!" आणि तिची उरलीसुरली शंकाही फिटली.

आबांचं शेत बटाईने गेलं. आबा जळगावला आमच्या घरी राहायला आले. चालायला आमची गच्ची. वैशालीने हुकूम काढला, एकट्याने खाली उतरायचं नाही, गच्चीवर फेऱ्या मारायच्या, त्याही कठड्यापासून लांब. दोंडाईच्याचा बाजार पायी करणारा माणूस पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल फिरू लागला. मी खाली खोलीत बसून वर त्यांची पावलं ऐकायचो. एखाद्या माणसाला अपराधी वाटावं म्हणून यापेक्षा चांगली व्यवस्था कुणी केली असती, असं मला वाटत नाही.

एकीकडे आमची ही घरभर बडगी शोधत होती. "अहो, बडगी कुठे गेली?"

"कुणी मागून नेली असेल."

"कुणी?"

"आठवतं का मला!"

तिने सगळ्या गल्लीत चौकशी केली. पलीकडच्या घरातल्या बाईंशी दोन हिवाळे अबोला धरला. (त्यांचीही माफी राहिलीच. तीन झाल्या.) खरं तर बडगी कुठे गेली, ते मलाही माहीत नव्हतं. आबांनी बॅग रिकामी केली तेव्हा मी घरी नव्हतो, आणि विचारणार कुणाला?

माफी मागायचे प्रयत्न मी केले. एकदा गच्चीवर जाऊन म्हटलं, "आबा, मला जरा बोलायचं होतं."

"बोला ना, नाना. पन पहिले माले बोलू द्या." आणि त्यांनी माझा हात धरला. "तुमना मोठा उपकार. याहीले घरमा ठेवाले मोठं मन लागस."

मी म्हणालो, "छे छे, त्यात काय," आणि खाली आलो. माफी मागायला गेलो आणि आभार घेऊन आलो! असं पुढे बऱ्याचदा झालं.

मग एक दिवस बटाईदार काम सोडून गेला. आबांनी जेवताना जाहीर केलं, "मी चालनू. मन्हं शेत माले बलावस."

वैशाली रडली, भांडली. शेवटी म्हणाली, "स्टेशनचा पूल चढून दाखवा. दम लागला नाही, तर जा."

आबांचं सामान म्हणजे खांद्याला एक कापडी झोळी आणि हातात ती जुनी हिरवी बॅग. सलीमभाईंनी पट्टा दुहेरी शिवून दिलेली. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, बॅग मी घेतो. आता नाही म्हणू नका." मला वाटलं, निदान एवढं तरी प्रायश्चित्त पदरी पडू दे. नवल म्हणजे आबा अजिबात नाही म्हणाले नाहीत. "घ्या," म्हणाले, आणि बॅग माझ्या खांद्याला लावून दिली.

पुलाच्या पहिल्या पायऱ्या मी मोठ्या उत्साहाने चढलो. मग खांदा ओढायला लागला. मग पाठ. मग माकडहाडाला काहीतरी ओळखीचं टोचलं. आबा हात मागे बांधून पुढे निघाले होते, थेट बांधावरून पाणी बघायला निघाल्यासारखे.

"आबा, सावकाश!" वैशाली ओरडली, आणि मागे वळून बघितलं तर मी कठड्याला धरून उभा. "अगंबाई! नाना, तुम्हाला काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. निदान म्हणायचा प्रयत्न केला.

गाडी लागली होती. आबा खिडकीशी जाऊन बसले. मी बॅग खिडकीतून आत द्यायला लागलो, तर त्यांनी ती हळूच बाहेर ढकलली.

"मन्हं सामान या झोळीमा शे, नाना. ती तुमनीच शे."

बॅगेच्या तोंडातून किरमिजी मफलरीचं टोक बाहेर आलं होतं. माझी मफलर! ओढ्यावर त्यांनी बॅग उचलली त्या घटकेपासून त्यांना माहीत होतं. पट्टा उसवला तेव्हा माहीत होतं, दगडावर बसले तेव्हा माहीत होतं, ग्लासाने ठेचलेलं भरीत खाताना माहीत होतं. मुलाच्या बापाने ठेवलं म्हणून मुलीच्या बापाने वाहिलं, आणि गच्चीवरही ते तसंच वाहत राहिले. आता बोलायचंच!

"आबा, मी... तेव्हा..."

गाडीने हिसका दिला. आबा खिडकीतून वाकले. त्यांच्या डोळ्यांत लहान पोराचं हसू होतं.

"नाना, जड तं नही व्हयनी ना?"

"नाही हो," माझ्या तोंडून निघून गेलं. "हलकीच आहे."

आणि गाडी गेली.

परत येताना तोच पूल मी ज्या पद्धतीने चढलो, ते बघून वैशालीने त्याच संध्याकाळी नवा हुकूम काढला. आता मी एकट्याने खाली उतरायचं नाही. गच्चीवर, टाकीभोवती, कठड्यापासून लांब. बडगी बघून ही म्हणाली, "मिळाली का? कुणाकडे होती?" मी म्हणालो, "पाहुण्यांकडे."

आबा अजून शेतात आहेत, अजून बाजार पायी करतात, आणि बाजारातून परतताना मला फोन करतात. मी गच्चीवर असतो. दर वेळी ठरवतो, आज सांगायचंच. फोन कानाला लावतो, डोळे मिटतो आणि माफी मागण्यासाठी छाती भरून मोठा श्वास घेतो.

तिकडून आबा ओरडतात, "दम लागना का, नाना? बसा, बसा! मंग बोलूत!"

आणि फोन ठेवून देतात.